ग्रहणात मी काहीच चिरलं नव्हतं

देवीसमोर हात जोडले तेव्हा माझ्या मनात भक्ती नव्हती, राग होता. खोटं कशाला सांगू? माझी लेक जन्मली ती उजव्या हाताचा अंगठा बारीक नि लुळा घेऊन. माझ्या सासूबाई म्हणजे माझ्या सख्ख्या आत्या. भावाकडे हट्ट धरून त्यांनी मला वरवंडला सून करून आणलेलं. त्यांनीच भरल्या घरात निकाल दिला, "गिऱ्हाणात हिनं इळीवर कायतरी चिरलं आसंल!"

ते ग्रहण मी अंधाऱ्या खोलीत, घोटभर पाणीही न पिता पाळलं होतं. पण ऐकतो कोण? अख्ख्या गावाला अंगठा दिसला, पोरगी कुणाला दिसली नाही. तिची उंची वाढेना. अंगावर दुधाच्या चहासारखे डाग, ओठ पांढरेफटक. दवाखान्यात म्हणाले, अशक्त आहे, पालेभाज्या द्या. अहो, आमच्या मळ्यात दुसरं पिकतं काय?

नवरात्रात माहेरी, तळेगाव ढमढेऱ्याला गेले. देवळात लेकीने तीर्थाला हात पुढे केला. अंगठा मिटत नसल्याने तळव्याची वाटी होईना, तीर्थ सांडलं. "हात नीट धर की गं!" पुजारी खेकसले. माझं डोकंच फिरलं. मी काही बोलणार, तोच मागच्या एका अनोळखी बाईने आपला तळवा लेकीच्या हाताखाली धरला. तीर्थ पुन्हा मिळालं. बाई मात्र तिचा हात सोडेना. बाही वर सारून डाग बघत राहिली.

"ताई, जरा लागलं की काळंनिळं पडतं का हिला?"

"व्हय. हिरड्यातनं रक्तबी येतं."

"माझ्या ल्योकाला समदं आसंच हुतं. आमीबी निस्ता आंगठाच बघत बसलो, आन् त्यो गेला. तुमी हिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या. रगत तपासा म्हणावं."

मी लेकीला सावरेपर्यंत ती शिरूरच्या जीपमध्ये बसून गेलीसुद्धा. तिचं नावही मला ठाऊक नाही.

पुण्यात निदान झालं. हाडांतली मज्जा रक्त तयार करत नव्हती; अंगठा नि डागही त्याच आजाराचे. डॉक्टर म्हणाले, "हे आईबाप दोघांकडून आलंय. लग्न नात्यातलं का?" आत्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. माझ्या थोरल्या मुलाची मज्जा जुळली, ती तिला चढवली, आणि लेक वाचली.

ती बाई देवीनेच पाठवली, असं मी मानते. तुम्ही मानू नका हवं तर. देवीवरचा माझा राग त्याच दिवशी गेला. माणसांवरचा जात नाही. एवढी वर्षं मला बोल लावला, आणि त्या नादात पोर जवळजवळ हातची घालवली! तो राग मी दर नवरात्रात देवीच्या पायाशी ठेवते, म्हणते, तूच सांभाळ, मला पेलत नाही.

आत्यांनी माफी कधी मागितली नाही. पण आता तीर्थ घेताना माझ्याआधी त्यांचाच हात नातीच्या हाताखाली जातो. तिच्या हातून सांडलेलं तीर्थ त्या स्वतः पितात.