बाबांनी म्हटलेलं सॉरी

काल आमच्या शुगर लँड गावात डेंटिस्टकडे सॅनिटायझरचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तडकलं. काही महिन्यांपूर्वी इथल्याच हॉस्पिटलात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याच्या दुसऱ्या सकाळी डॉक्टर फोनवर बोलतच खोलीत शिरले होते. त्यांच्या कोटावर बिल्ला होता, 'मी हात धुतले का, विचारा!' बाबांनी चष्मा लावून तो वाचला आणि मोडक्या इंग्रजीत भाबडेपणानं विचारलं, "डॉक्टर, हात धुतले?" डॉक्टर नुसते हसले आणि फोन खिशात टाकून त्यांनी तोच हात बँडेजकडे नेला. मी मध्ये उभी राहिले. "आधी हात धुवा!" मी ओरडलेच. ते तोंड वाकडं करून बेसिनकडे वळले, तर बाबाच ओशाळून म्हणाले, "सॉरी, डॉक्टर." जखम भरली, बाबा आता भराभर चालतात. पण सॉरी म्हणावं लागलं ते बाबांना, याचा राग माझ्या डोक्यातून जात नाही.