समासाचं भाडं

लिहून पोट भरणारा माणूस आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. बाकी आम्ही सगळे लिहून पोटाला चिमटा घेणारे. नव्वदच्या आसपास मी कापूस वेचणाऱ्या बायकांच्या मजुरीसाठी पत्रकं काढायचो आणि लोक त्यांत भजी बांधून न्यायचे. भाऊजींनी मात्र जिनिंगमधली कारकुनी सोडली आणि गुडीहत्नूरच्या आठवडी बाजारात, चहाच्या हॉटेलाच्या दोन खांबांना सुतळी बांधून तिच्यावर दर आठवड्याला एक हातभर कागद लटकवायला सुरुवात केली. त्यावर त्यांच्या डोक्यात येईल ते. तेलुगू शाळेतल्या पंतुलुंचे, म्हणजे मास्तरांचे, बूट चालताना का कुरकुरतात. म्हशीला रेडिओवरच्या बातम्या का सहन होत नाहीत. स्वतःच्या मानेला सुटलेल्या खाजेवर आख्खा परिच्छेद. मजुरीबद्दल एक ओळ नाही. मला संताप यायचा, आणि लोक सायकली आडव्या टाकून वाचत उभे राहायचे.

वाचणं फुकट होतं. कमाई समासात होती. कागदाच्या चारही बाजूंना वीतभर जागा कोरी असे आणि सुतळीला एक शिसपेन्सिल बांधलेली असे. ज्याला उलट बोलायचंय त्यानं तिथं लिहावं, आणि त्याबद्दल खालच्या टोपलीत बाजारातलं काहीतरी टाकावं. आक्काचं घर त्या टोपलीवर चालायचं. शिल्लक भाजी हॉटेलवाला विकत घ्यायचा, त्यातून तेलमीठ.

"लोकांच्या बोलण्यावर कर लावता तुम्ही," मी भांडलो. "निजामानंही हे केलं नव्हतं."

"साळेबुवा," ते शांतपणे म्हणाले, "ज्याईले बोलल्याबिगर राहवत नाई, त्याईच्यापासूनच घेऊन राह्यलो. तुमी तर फुकटात बोला म्हणता, तरी कोणी बोलत नाई."

राहवत नाही अशा माणसांची त्यांना जबर पारख होती. एकदा त्यांनी लिहिलं की नार्नूरचं पिठलं गुडीहत्नूरच्या पिठल्यापेक्षा सरस. टोपलीत वांगी आली, मेथी आली आणि एक अजस्र भोपळा आला. भोपळेवाल्यानं एकट्यानं सगळा समास काळा केला होता. पुढच्या बाजाराला नार्नूरची माणसं बसने उत्तर द्यायला आली.

"काऊन गावात भांडणं लावता?" आक्का म्हणाली.

"मेथी निवड," भाऊजी म्हणाले.

माझ्या बाबांना हे काही पसंत नव्हतं. त्यांनी जावयासाठी मंचेरियलला कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात शब्द टाकून ठेवला होता. एक दिवस त्यांनी समोर बसवून सांगितलं, "जवाईबापू, संक्रांतीच्या आधीच्या बाजाराले मी सोता येतो. टोपली भरली तर लिवा जलमभर. नाई तर पोरीले घेऊन मंचेरियलले निंगा." भाऊजींनी मान डोलावली. टोपली भरणारच होती. विषयही ठरला होता: तिळगुळात शेंगदाणा घालणारा माणूस मुळात कंजूष असतो. यावर आसपासच्या गावांसकट निम्मं मंडल पेटलं असतं.

मी माझं टुमणं सोडलं नव्हतंच. दर आठवड्याला जाऊन म्हणायचो, वेचणीच्या मजुरीवर लिहा, एकदा तरी लिहा. ते हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत.

त्या बाजाराला मी बाबांबरोबर गेलो, तर कागदावर तिळगूळ नव्हता. वेचणीला काय मिळतं, काट्यावर वजन कसं कापलं जातं आणि संध्याकाळी बाईची पाठ कशी होते, ते लिहिलं होतं. खाजेवर लिहावं इतकं सहज. माझ्या कुठल्याच पत्रकाला ते जमलं नव्हतं. समोर बायका दाटल्या होत्या. वाचता येणारी एक वाचत होती, आणि संपलं की बाकीच्या तिला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावत होत्या. पेन्सिलीला मात्र कुणी हात लावला नाही. व्यापारी लांबूनच मुकाट निघून गेले. बाजार उठला तेव्हा समास पांढरा होता आणि टोपली रिकामी.

"काऊन, आज कोणाले काई म्हणाचं नाई?" बाबांनी विचारलं.

"नाई मामाजी. सगळ्यायले पटलं."

घरी जाताना मी भाऊजींना विचारलं, "असं होईल हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"धंदाच हाय आपला. पटलं का कोणी टोपलीत काई टाकत नाई."

"मग आजच कशाला लिहिलं?"

त्यांनी रिकामी टोपली दुसऱ्या हातात घेतली. "सारे मले उलट बोलाले येतात, साळेबुवा. लिवा म्हणणारे तुमीच एक."

संक्रांतीनंतर ते मंचेरियलला गेले. पगार वेळेवर येतो, आक्काची ओढाताण संपली, बाबा खूश आहेत. मला अजून राग आहे, फक्त कुणावर ते पत्रकात मांडता येत नाही. मध्यंतरी मी तिकडे गेलो होतो. संध्याकाळी क्वार्टरसमोर शेजारी बसले होते. भाऊजी सहज म्हणाले की खाली कोळसा फोडणाऱ्यापेक्षा वर बसलेल्या कारकुनाला जास्त घाम येतो. एकच गदारोळ उठला, मराठी, तेलुगू, हिंदी सगळं एकदम. ते मात्र मागे सरकून भिंतीला टेकले आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले, सगळ्यांचं बोलून होईपर्यंत.