गोल कोपऱ्यांचं घर

सुतारदादांकडे कपाट करून घ्यायला गेलात, तर मापं सांगण्याआधी तुम्हाला एका बाईंची गोष्ट ऐकावी लागते. एरवी हा माणूस नाकावर माशी बसू देत नाही. गिऱ्हाईक जास्त बोलायला लागलं की यांचा रंधा जोरात चालतो. पण त्या बाईंचा विषय निघाला की रंधा बाजूला. "पोरीला डोळे देणं डॉक्टरांच्या हातात नव्हतं," दादा म्हणतात, "पण पाय दिले ते त्या बाईंनी. कसे फेडू उपकार, सांगा!"

पोरीला घरात ठकी म्हणतात, लाकडी बाहुलीवरून. जन्मापासून तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दीड वर्षाची असताना ती पलंगाच्या कोपऱ्यावर आपटली आणि भुवईवर तीन टाके पडले. पलंग दादांच्याच हातचा, कोपरा असा काटकोनात की पाहणाऱ्यानं वाहवा करावी. दवाखान्यातून घरी आले ते दादा थेट कानस घेऊनच बसले.

दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. दादांनी पलंग तासला, टेबल तासलं, कपाटं, खिडक्यांच्या चौकटी, काही म्हणता काही सोडलं नाही. उंबरठा उखडून टाकला. स्टुलं भिंतीवर खुंटीला टांगली. पाहुणा आला की एक उतरवायचं, तो उठला की लगेच परत वर. पाहुणेही मग बेतानंच यायला लागले.

"अहो, हे घर आहे की घसरगुंडी?" बायको म्हणायची. "पोरीला कधी काही लागायलाच नको का?"

"मी असताना का लागावं?"

आणि ठकी घरात चक्क धावायची! भिंतीला हात न लावता या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते बघून दादांची छाती फुगायची.

चार वर्षांची झाली तसं तिला बालवाडीत नेलं. तिथल्या ताई चांगल्या, त्यांनी नाही म्हटलं नाही. "फक्त दारापासून आपल्या जागेपर्यंत तिला एकटीला येता यायला हवं," त्या म्हणाल्या. "तीस मुलं आणि आम्ही दोघी. रोज हात धरायला कोण मोकळं असणार?"

दादा हसले. धावणाऱ्या पोरीला चालायची अट! त्यांनी ठकीला ऐटीत दारात सोडलं. ठकी दोन पावलं गेली. तिचा पाय एका छोट्या खुर्चीला लागला. लागला म्हणजे नुसता टेकला. पण ती मटकन खाली बसली आणि अशी किंचाळली की अख्खा वर्ग रडायला लागला. ताईंनी महिन्याची मुदत दिली. तोवर जमलं नाही, तर पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. पुढचं वर्ष, मग त्याच्या पुढचं, आणि मग पोर जन्मभर घरातच, एवढंच दादांच्या कानात घुमत राहिलं. त्या दिवशी ते कामावर गेलेच नाहीत.

ताईंनीच मग फिरत्या बाईंना पाठवलं. न दिसणाऱ्या मुलांच्या घरोघरी जाऊन शिकवणं हे या बाईंचं काम. त्या आल्या, चहा नको म्हणाल्या आणि टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या.

"हे कोणी केलं?"

"मीच," दादा शाबासकीची वाट बघत म्हणाले. "अख्ख्या घरात एक टोचणारा कोपरा सापडायचा नाही."

"हात सुंदर आहे तुमचा. पण दादा, बाहेरचं जग तासायला कधी घेताय?"

दादा तडकले. "तिच्या भुवईवरचे टाके दिसले नाहीत का तुम्हाला?"

"दिसले. त्यानंतर तिला काही लागलंच नाही. म्हणून तर लागल्यावर काय करायचं ते तिला ठाऊक नाही."

बायको हेच कधीपासून सांगत होती, पण कान सोनारानंच टोचावे लागतात. बाईंनी ठकीला एक हात पोटासमोर आडवा धरून चालायला शिकवलं. आणि जाताना दादांना बजावलं, "रोज एक स्टूल खाली काढायचं, रोज नव्या जागी ठेवायचं. आपटली तर उचलायचं नाही. कशाला आपटलीस, एवढंच विचारायचं."

दुसऱ्या दिवशी ठकी हात विसरून धावली आणि स्टुलावर धाडकन आदळली. दादा उठले. बायकोनं मागून सदरा घट्ट धरला.

"कशाला आपटलीस गं?" विचारताना त्यांचा आवाज चिरकला.

ठकी रडली, खूप रडली. मग नाक पुसून तिनं हात पुढे केला. "स्टूल आहे," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "कोणी ठेवलं इथे?"

आठवड्याभरात तिला त्याचा खेळ वाटायला लागला. सकाळी उठल्या उठल्या स्टुलाचा शोध. "सांगायचं नाही हं, बाबा!" शेवटी दादांना बादली, भुशाचं पोतं, काय काय काढावं लागलं. गुडघे काळेनिळे झाले ते ठकीचे, पण कळवळत होते दादा.

महिना संपला. बालवाडीच्या दारात दादा, त्यांच्या शेजारी फिरत्या बाई. ठकी हात आडवा धरून निघाली. खुर्ची लागली, वळसा घातला. दुसरी लागली, वळसा. आणि अर्ध्या वाटेवर कोणीतरी टाकलेल्या दप्तरात पाय अडकून ती पालथी पडली. दादांचं पाऊल आपोआप आत पडलं.

ठकीनं ते पाऊल आवाजावरून ओळखलं. ती उठून बसली, दप्तर चाचपलं आणि दाराकडे तोंड करून ओरडली, "बाबा, येऊ नकोस! इथे दप्तर पडलंय, तुला लागेल!"

दादा जागच्या जागी थांबले. बाईंचे आभार मानायचे म्हणून ते वळले. बाईंनी नुसतं आत बोट दाखवलं. ठकी आपल्या जागेवर जाऊन बसली होती.