गारगोटीखालचा पुठ्ठा

हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा गाळा आहे. तिथे आम्ही मालिकांसाठी जुनी हत्यारं बनवतो. बाबा आजारी पडल्यावर पहिल्यांदाच मी एकटी सेटवर गेले, ते एक चकमकीची बंदूक घेऊन. नळी आतून बंद होती, दारू नव्हती. फक्त ठिणग्या खऱ्या हव्या होत्या. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादी पट्टीवर आपटते. ती नुसती लोखंडात आवळली तर घसरते, म्हणून आधी चामड्यात गुंडाळायची आणि मगच स्क्रू कसायचा.

चार टेक झाले आणि चामडं फाटलं. जादा पट्ट्या मी गाळ्यातच विसरले होते.

"मॅडम, उजेड जातोय," सहायक दिग्दर्शक म्हणाला. "पुठ्ठा घाला ना. कोणाला दिसणारेय?"

पुठ्ठा धरणार नाही, हे मला माहीत होतं. तरी मी तो दुमडून घातला, स्क्रू आवळला आणि बंदूक म्हाताऱ्या नटाच्या हातात दिली. समोर एक तरुण नटी उभी होती.

खट्ट झालं. ठिणगी उडालीच नाही. जबडा रिकामा होता. नटीने चेहऱ्यावर हात धरला होता आणि बोटांमधून रक्त येत होतं.

मी धावले. "हात काढ. डोळा उघड. दिसतंय?"

तिने दोनदा पापण्या मिटल्या. "दिसतंय, ताई."

जखम डोळ्याच्या बोटभर खाली होती.

"काय झालं?" दिग्दर्शकाने विचारलं. सहायक माझ्याकडे बघत राहिला.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "पुठ्ठा टिकणार नाही हे ठाऊक असून मी घातला."

नटीला डॉक्टरकडे नेलं. मी कोपऱ्यात बसून माझ्या बुटाची नाडीखालची चामडी जीभ कापली, नवी गारगोटी तिच्यात गुंडाळली आणि स्क्रू कसला. मग चष्मा लावून, मोकळ्या भिंतीकडे तोंड करून वीस वेळा चाप ओढला. गारगोटी हलली नाही. पण तोवर उजेड गेला होता.

दुसऱ्या दिवशी नटी गालावर पट्टी आणि त्यावर मेकअप लावून आली. "आधी मला दाखवा," म्हणाली. प्रत्येक टेकआधी तिने गारगोटी बोटांनी हलवून पाहिली. मीही बंदूक तिच्यापुढे धरत राहिले.