कवडू, अस्वल आणि देवाचं पान

नाटकाच्या दौऱ्यांत चाळीस वर्षं मी कितीतरी आचाऱ्यांच्या हातचं जेवलो. पण कवडू पराते त्या साऱ्यांचा राजा! घराणं उमरेडच्या विणकरांचं. घरचा हातमाग बंद पडला आणि कवडू नागपूरच्या मुलांच्या जंगल-शिबिरांत स्वयंपाकी झाला. मीही तिथे गोष्टी सांगायला जातो.

जेवणं आटोपली की दिवस मावळायच्या आत तो गूळ, शेंगदाणे, संत्री, पीठ, मुलांच्या टूथपेस्टसुद्धा पोत्यात भरी आणि तंबूंपासून शंभर पावलांवर, दोन झाडांमधल्या दोरीला उंच टांगी. "अस्वलाले आपल्या गुळाची चटक लागली का ते गावात घुसते," तो सांगे. "मंग लोक लाठ्या घेऊन मागं लागतात. मरते बिचारं."

यंदा फेब्रुवारीत एका सकाळी पाहतो तर पोतं जागच्या जागी, पण तंबूंपाशी अस्वलाचे ठसे! आम्ही ठशांमागे गेलो. ते मोहाच्या झाडाखाली थांबले होते. तिथे कवडू रोज वनदेवाला पळसाच्या पानावर गूळ-पोळीचा नैवेद्य ठेवून येई. पान चाटूनपुसून लख्ख!

शिबिर चालवणारी दामिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काका, माह्या पर्समधलं चॉकलेट टांगलं तुम्ही. अन् हे?"

"ते देवाचं हाय वं! देवाचं पान उचलत नसतात. पाप लागते."

"अन् अस्वल मेलं तर ते पाप कोणाले?"

कवडू चुलीकडे वळला. त्या दुपारी वरणात मीठ नव्हतं. आम्ही मुकाट्यानं खाल्लं. मी समजावलं, "अरे, घरी नैवेद्य दाखवून आपणच खातो ना?"

"घरचा देव ओळखीचा असते जी, अण्णा. हा जंगलाचा. याले कशी घाई कराची?"

संध्याकाळी, ऊन असतानाच, त्यानं पान मांडलं. पण रोजच्यासारखा परतला नाही. समोर मांडी घालून, हात जोडून बसला. मुलं लांबून श्वास रोखून पाहत होती. एवढं शांत प्रेक्षागृह मला कधी लाभलं नाही!

"पोटभर जेव बापा, मी बसलो हाय," तो म्हणाला. "पण पान आज मले उचलू दे. तुह्यंच अस्वल वाचवाचं हाय."

बऱ्याच वेळानं त्यानं जमिनीला डोकं टेकलं आणि पान उचललं. पोळीचा पहिला तुकडा त्यानं दामिनीला दिला.

"खाय पोरी. पाप लागलंच तर दोघांले मिळून लागू दे."