गेले आणि गेलेत

लग्नानंतर मी वाशीला आले तेव्हा आमच्या इमारतीपुढे खाडीपर्यंत सगळं मोकळंच होतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. माझे मिस्टर ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कारखान्यात फिटर होते. तिथे टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली आणि त्यांनी मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलं. मी कोकणातल्या खेड्यात मॅट्रिक झालेली. इंग्रजी वाचता यायचं, पण बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप.

तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. मूळच्या मोरा बंदराच्या, तिथल्या जुन्या मुसलमान घरातल्या. मुलगा नोकरीसाठी कुवेतला. सगळी इमारत त्यांना बाई म्हणायची. शिकवाल का, असं विचारलं तर म्हणाल्या, "दुपारची ये. कोलंबी सोलता सोलता शिकू."

बाकी सगळं जमत गेलं, पण 'हॅव' आणि 'हॅज'पाशी माझी गाडी अडायची.

"आय हॅव सीन हिम यस्टर्डे," मी ठोकून द्यायची.

"यस्टर्डे आलं की हॅव जातं," बाई सांगायच्या. "कालचं कालच संपलं."

मला ते पटायचं नाही. काल पाहिलेला माणूस आज पाहिलेलाच असतो ना? तसं मी म्हटलंही. बाई वैतागल्या नाहीत. हातातली कोलंबी ताटात ठेवून म्हणाल्या, "नियम राहू दे. माझा मुलगा कुवेतला गेलाय. त्याचे अब्बा गेले. दोन्ही सारखंच का गो?"

मी हातातली कोलंबी उगाच सोलत राहिले. त्यांचे मिस्टर मोऱ्याच्या लाँचवर सारंग होते, लाँच चालवायचे, एवढंच मला ठाऊक होतं.

"बोल ना."

"युवर सन हॅज गॉन टू कुवेत."

"बरोबर. आणि त्याचे अब्बा काय करायचे?"

"ही हॅज वर्क्ड ऑन द लाँच."

"हॅज नाही," बाई हळूच म्हणाल्या. "हॅज म्हटलं की माणूस असायला लागतो. ही वर्क्ड."

आणि पुन्हा कोलंबी सोलायला लागल्या. मला मात्र त्या दुपारी पुढे काही शिकावंसं वाटेना. मी त्यांच्यासाठी चहा केला.

मुलाखतीत साहेबांनी व्याकरणातलं काहीच विचारलं नाही. मला दुसऱ्या खोलीत बसवलं, फोनवरून चार-पाच नंबर सांगितले आणि परत म्हणायला लावले. आवाज स्वच्छ आहे म्हणाले, नोकरी दिली. एवढी तयारी फुकट गेली म्हणून मी घरी येऊन चक्क हिरमुसले.

फुकट काही गेली नव्हती. कामावर दिवसभर मी तेच बोलायची, सर हॅज गॉन टू द प्लांट, मॅनेजर हॅज लेफ्ट. घोटाळा झाला तो मराठीत. एका संध्याकाळी तळवलीहून एका कामगाराच्या बायकोचा फोन आला. दुकानातून बोलत होती. "आमचं मानूस अजून घरी आलं नाय. कामावर हाय का?" मी गेटवर विचारलं आणि घाईत तिला सांगितलं, "ते गेले."

पलीकडून एकदम हुंदका. केमिकलचा कारखाना, आणि असं ऐकलं तर बाईमाणसाचं काय होणार?

"अहो, घरी गेलेत," मी ओरडलेच. "सुखरूप आहेत. सुट्टी झाली, आत्ता गेटबाहेर पडलेत."

दुसऱ्या दिवशी तो कामगार माझ्या खिडकीशी आला. "बाई, काल मारलंत की मला," म्हणाला. "घरात पाय टाकला, तर बायकोनं आधी हात धरून चाचपला. नंतर भांडली." त्याला हसू आवरत नव्हतं.

ही गोष्ट मी बाईंना सांगितली तेव्हा त्या पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "घरी पोचला ना तो? मग झालं."