कॅन्सर मला, समजावलं नवऱ्याला

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

मला रक्ताचा कॅन्सर आहे. नेहमीची औषधं लागू पडेनात, म्हणून एका नव्या औषधाच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीसाठी आज आम्ही दोघं वारज्याहून हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी नवऱ्याला आत घेऊन अर्धा तास सगळं समजावलं. मी बाहेर बाकावर!

मग मला बोलावलं. संमती देताना व्हिडिओ काढतात. तिथल्या बाई म्हणाल्या, "ताई, कॅमेरा सुरू झाला की नुसतं 'समजलं' म्हणा."

कॅमेरा सुरू झाला. मी म्हटलं, "मला कोणीही काहीही समजावलेलं नाही."

कॅमेरा लगेच बंद.

मग कुठे डॉक्टर माझ्याशी बोलले. मला काही सांगू नका, असं नवऱ्यानेच त्यांना बजावलं होतं म्हणे. बरं होण्याची खात्री नाही. माणसाला किती डोस झेपतो, ते या टप्प्यात बघतात. मी सही न करता फॉर्म घेऊन निघाले.

रिक्षात नवऱ्याला विचारलं, "अहो, हे मला का सांगू दिलं नाहीत?"

"अगं, तुला झेपलं नसतं."

वा! म्हणजे कोणालाच माहीत नसलेलं औषध मला झेपेल, आणि त्याची माहिती झेपणार नाही? तुम्हीच सांगा, मंडळी.